मेंढरांची वाट

पोरांनो, लढाईवरनं सुटून आल्यावर तुमच्या आजोबांनी आष्ट्याला रान घेतलं. त्यातनं मेंढरांची जुनी वहिवाट हाय, एवढं मातुर इकणाऱ्यानं सांगितलं न्हाई. आमी ऊस लावला. गुडघ्याएवढा झाला, तवा जतचा बिराप्पा धनगर कळप घेऊन थेट उसात शिरला.

“आरं, ऊस हाय ह्यो!” आजोबा वरडलं.

“ऊस तुमचा, वाट आमची. तलाठ्याला इचारा.”

तलाठी म्हणाला, “खरं आहे. जमीन घेतलीत, तिच्याबरोबर वहिवाटही आली. अडवलीत तर कोर्टात हराल.”

मेंढरं तरी किती? पुढचं आमच्या उसात चरत हुतं, तवा मागलं जतला आळस देत हुतं!

“भांडा की,” मी म्हणाले.

“फौजंत लय भांडलो. आता दमलो गं,” म्हणत आजोबांनी मधला ऊस उपटला आन् वाट मोकळी केली.

फुडच्या साली जतला पाऊस चांगला झाला, बिराप्पा आलाच न्हाई. आजोबा बांधावर बसून त्या रिकाम्या पट्ट्याकडं बघत हुतं.

“काय करताय?”

“वाट बघतोय.”

कंची, त्ये मी इचारलं न्हाई.