संध्याकाळची गर्दी

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत नवी संगणकप्रणाली आली, तेव्हा मुख्यालयाचं एकच सांगणं होतं: माणूस खिडकीशी उभा असतानाच नोंद करायची. हेडबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली, सरकारी मानेला तेवढा सराव असतोच. पण खिडकीशी बाळाचा बाप घाई करणार, मयताचा मुलगा रडणार, आणि पडद्यावरचं चाक आपलं गरागरा फिरत राहणार. बाईंनी मधला मार्ग काढला. दिवसभर चिठ्ठ्यांवर उतरवून घ्यायचं आणि खिडक्या बंद झाल्या की चहा घेत सगळं संगणकात चढवायचं. कुणाची तक्रार नाही, एकही नोंद शिल्लक नाही. मुख्यालयाने ही कचेरी आदर्श ठरवली आणि बाई आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालल्या.

मग मुख्यालयातल्या साहेबांनी आलेख काढला. त्यात ही कचेरी दिवसभर झोपलेली आणि संध्याकाळी माणसांनी फुललेली दिसली. लोकांच्या सोयीसाठी संध्याकाळची पाळी सुरू करावी, असा आदेश आला आणि पाळीवर नेमणूक झाली धाकटीची.

धाकटी म्हणजे कचेरीतली सगळ्यांत नवी कारकून. घरी ती आणि तिची लेक, तिसरं कुणी नाही. पाळणाघर संध्याकाळी बंद व्हायचं.

"बाई, मला नोकरीच सोडावी लागेल हो," ती म्हणाली. "पोरीला आणायला कोण जाणार?"

खरं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण आदर्श कचेरीच्या हेडबाईंनी ते गिळलं.

"तू जा वेळेवर. संध्याकाळी मी बसते."

साहेबांनी हरकत घेतली नाही. बाई बसू लागल्या. संध्याकाळी कचेरीत चिटपाखरू फिरकत नसे. पण त्या आता दुपारी येत, म्हणून सकाळी एक माणूस कमी, त्यामुळे चिठ्ठ्यांचा ढीग वाढला आणि तो जसाच्या तसा बाईंच्या टेबलावर येऊ लागला. हातावर हात ठेवून बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्या एकेक चिठ्ठी चढवत गेल्या. काम चोख होतं याचा त्यांना अभिमानही वाटला.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. "बाई, संध्याकाळची पाळी काय जोरात चाललीय! एकट्या किती ओढणार? धाकटीला देतो तुमच्या जोडीला. उद्यापासून."

बाईंनी काचेपलीकडे पाहिलं. धाकटी पर्स खांद्याला लावून निघण्याच्या तयारीत होती. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर त्याहून जास्त वाटली.

"साहेब, संध्याकाळी इथे कुणीही येत नाही. दिवसभराच्या नोंदी आम्हीच तेव्हा भरतो. पहिल्या दिवसापासून."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे, बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सगळ्याच कचेऱ्यांत हेच चाललंय. पण कबूल कुणीच करत नाही, म्हणून मलाही आलेख बघूनच आदेश काढावे लागतात. नुसतं तोंडी सांगून ते मागे घेता येत नाहीत. तुम्ही लेखी द्याल?"

धाकटीने जाता जाता हात हलवला. फोनवर काय चाललंय, याची तिला कल्पना नव्हती.

"देते," बाई म्हणाल्या.