मिस कुमुदचा आवाज

जुन्या सिनेमांची माहिती गोळा करत पुण्याहून आलेल्या माणसाने पिशवीतून मिस कुमुदचा जुना फोटो काढला तेव्हा केसरबाई मधल्या खोलीच्या दाराआड उभ्या होत्या. मोतीलालने फोटो हातातही घेतला नाही.

"त्या बाई वारल्या," तो म्हणाला. "बेचाळीस साली."

केसरबाईंनी चौकट धरली. साल सत्याऐंशी होतं आणि त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या.

मूकपटांच्या काळात मुंबईत त्यांना मिस कुमुद म्हणत. साक्रीकडच्या मजुराची पोर, पण पडद्यावर राणी शोभायची. सात वर्षांत चौदा चित्रपट केले. मग बोलपट आले. कंपनीने आवाज तपासला, तर 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' यायचं. ऐकणारे हसले आणि महिन्याभरात काम सुटलं. चाळीसगावचे कापसाचे व्यापारी पितांबरशेठ बिजवर होते, पदरी तीन वर्षांचा मोतीलाल. त्यांनी मागणी घातली. अट एकच, घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी त्यांनी तिचे सगळे फोटो बंबात घातले. त्याच पाण्याने तिने आंघोळ केली.

शेठ गेले, तरी अट राहिली. देवळात जायचं तरी कुणीतरी सोबत असे. गोवराच्या तापात ज्याला रात्रंदिवस मांडीवर घेतलं, तोच मोतीलाल आज त्यांना मेलेलं ठरवून निवांत जिनिंगच्या कारखान्यावर निघून गेला.

"माय, कोण होत्या त्या कुमुदबाई?" सून बेबाबाईने विचारलं.

केसरबाईंनी चौकट सोडली. मग माहेरची बोली आपसूक तोंडी आली. "मी मरेल नही, बेबा. मी जित्ती शे."

बेबाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने चूल विझवली आणि चपला घातल्या. "पुण्याच्या पाहुण्यांची गाडी चारची आहे. मागच्या दाराने जाऊ."

तो फलाटावरच भेटला. आधी त्याला खरं वाटेना. केसरबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला, हनुवटी उचलली आणि मान फोटोतल्यासारखी वळवली. त्याने टेपरेकॉर्डर काढला.

"बोला आजी. तुमच्याच बोलीत बोला."

गाडी येईपर्यंत वीस मिनिटं त्या बोलल्या. शेजारच्या बाकावरची माणसं ऐकत होती. कुणी हसलं नाही.

परतल्या तेव्हा मोतीलाल ओट्यावर उभा होता. स्टेशनवरून कुणीतरी आधीच येऊन सांगितलं होतं.

"पोरीची सोयरीक जमत आली आहे, माय. त्या लोकांना मी काय सांगू?"

तो रागावला असता तर केसरबाई भांडल्या असत्या. पण तो घाबरला होता. त्या पदर डोक्यावर घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप बसलं. पुढे पुण्याहून दोन पत्रं आली. मोतीलालने ती पोस्टमनकडून परस्पर घेतली, असं बेबाबाईला शेजारणीने सांगितलं. त्यांत काय होतं ते दोघींनाही कधी कळलं नाही.

दुपारी घरात कुणी नसलं की बेबाबाई समोर येऊन बसे आणि "मग पुढे?" एवढंच म्हणे. केसरबाई सांगत. सांगता सांगता हात उठत, भुवया उठत. पुढच्या दाराची कडी वाजली की हात पुन्हा पदराखाली जात.