चिंधीत गुंडाळलेली साखळी

"आपल्या घरी म्हैस नाही, मंग मागच्या खोलीत साखळी कोन वाजवते?" हे बापाला विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लिलाशी लावली. लिला धीट पोरगी. तिने जेवतानाच विचारलं. बाप ताट सारून उठला.

मित्रांनो, ती वाजणारी मीच. मी एक जुनी साखळी आहे. अनसिंगच्या लोहाराने मला घडवलं. लिलाच्या बापाच्या, जगदेवच्या गोठ्यात भुरी म्हशीच्या गळ्यात मी दिमाखात होते. तेल मिळे, कौतुक होई.

भुरी विकली गेली. त्याच साली जगदेवची बहीण प्रयाग माहेरी आली. तिचं तान्हं लेकरू दगावलं होतं, तरी ते शोधत ती शिवारभर फिरे. नर्सबाईने सांगितलं की हा आजार आहे, अकोल्याला न्या, औषधाने बरं वाटेल. पण जगदेव म्हणाला, "दवाखान्यात नेलं तं लोक पागलाचं घर म्हनतीन. लिलाशी लगन कोन करन?" अन् मागच्या खोलीतल्या खुंट्याला बांधून मला प्रयागच्या पायात अडकवलं.

मी गुरांची. माणसाच्या पायाला जपायचं कसं, मला काय ठाऊक? तिचा घोटा सोलला. त्या दिवशी मी जगदेववर डूख धरला.

पुढे जऊळक्याचे पाहुणे लिलाला पाहायला आले. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून लिलाच्या आईने, गोजराबाईने, माझ्या कड्याकड्यात लुगड्याची चिंधी गुंडाळली. गंज मी सोसला असता, हे मुकेपण नाही.

लिलाने पोह्यांच्या बशा ठेवल्या, मागे आली, चिंधी फाडली आणि मला खुंट्यावरून सोडलं. आत्याचा हात धरून ती थेट बैठकीत गेली. मी फरशीवर खणखणत मागे. एवढी मी भुरीच्या गळ्यातही वाजले नव्हते. जगदेवची मान खाली जात होती आणि मी आणखी वाजत होते.

"हे माही आत्या," लिला म्हणाली. "बिमार आहे."

पाहुणे पोहे टाकून उठले.

मित्रांनो, तापाने फणफणलेल्याला तुम्ही बांधता का? मग मन दुखलेल्याला का बांधता?

लिलाने माझी कडी आत्याच्या पायातून काढली आणि आईबापाकडे वळली. "उद्याच्या गाडीनं मी आत्याले अकोल्याले नेतो. अन् हे साखळी समोरच्या दाराले लावतो. येनारा-जानारा वाजवन, कायची म्हनून इचारन. तवा बाबा, तुमीच सांगजा."