कण्हण्यावर ओढलेली रेघ

आमच्या घरात दोन व्रतं चालतात. माझं साधं आहे. सकाळी देवापुढे हात जोडून मी म्हणते, आजच्या दिवसापुरतं खोटं बोलणार नाही आणि लिहिणारही नाही. उद्याचं उद्या. यांचं व्रत गाडीचं. सासऱ्यांची जुनी गाडी यांनी खिळान्‌खिळा सुटी करून पुन्हा जोडली, आणि तेव्हापासून तिला रस्त्याचा विटाळ होऊ दिलेला नाही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला ती ट्रकवर चढून जाते आणि ट्रकवर चढून येते. सासूबाई म्हणतात, "सून बाजारात पायी जाते आणि गाडी ट्रकात बसून. नशीब काढलं गाडीने."

गेल्या वर्षी प्रदर्शनातली पहिल्या नंबरची ढाल गेली ती दातांच्या एका डॉक्टरांकडे, अर्ध्या गुणाने. त्यांच्या गाडीच्या पोटाखाली कारखान्यातल्या रंगाच्या मूळ खुणा होत्या. आमच्या गाडीचं पोट आरशासारखं लख्ख, खुणांसकट घासून काढलेलं.

"मी जीव तोडून घासलं," हे घरी येऊन म्हणाले, "आणि ज्याने घासलं नाही तो जिंकला."

"दातांचा डॉक्टर आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "कुठे किती घासायचं ते त्याला कळणारच."

सुदैवाने घासण्यापूर्वी यांनी फोटो काढून ठेवले होते. मोठे करून पाहिल्यावर त्यात वंगणाखाली खुणा दिसल्या. यांनी मला समजावून सांगितलं. कारखान्यात नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढायचे. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ दुभंगते आणि चोरी उघडी पडते. इंजिनामागच्या पत्र्यावर पांढऱ्या मेणखडूने एक अक्षर असायचं. त्याचा अर्थ, गाडी रस्त्यावर चालवून पाहिली, ठीक आहे.

या सगळ्या खुणा जशाच्या तशा परत काढायच्या, म्हणजे यंदा ढाल आपली, असा यांचा हिशेब. अडचण एकच. ब्रश हातात घेतला की यांचा हात थरथरतो. माझा थरथरत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं.

माझी पहिली रेघ पाहून हे म्हणाले, "फार सरळ आली गं. जेवणाची घंटा व्हायला आलेल्या माणसाचा हात हवा."

मग मी स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर गबाळेपणाचा सराव सुरू केला. झाकणावरून बरणीवर अशी एकेक तिरकी, घाईची रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर साखरेच्या बरणीवरची रेघ दुभंगलेली. झाकणावरचा तुकडा एकीकडे, बरणीवरचा दुसरीकडे. यांना साखर बंद आहे. सासूबाईंनी ती बरणी उचलून यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"झाकणच सैल असेल," हे म्हणाले.

"झाकण सैल नाही रे," सासूबाई म्हणाल्या.

पुढे मी ब्रश घेऊन गाडीपाशी गेले आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं. मी विचारलं, "अहो, ही रेघ म्हणजे नट आवळलाय, असंच ना?"

"हो."

"मग आवळलाय?"

"आवळलेला असणार की."

"असणार, का आहे?"

"अगं, ही नुसती खूण आहे. कोर्टातली साक्ष नाही."

"लिहिणं ते लिहिणंच," मी म्हटलं, आणि ब्रश डबीत परत ठेवला.

यांनी कपाळाला हात लावला. पण माझ्या व्रतापुढे यांचं कधीच चाललेलं नाही. शेवटी असं ठरलं, की आधी हे नट आवळणार, मग मी रेघ ओढणार. हे गाडीखाली घामाघूम व्हायचे, मी शेजारी पाटावर बसून पुटपुटत नामस्मरण करायची. स्टीअरिंगची पेटी गाडीच्या सांगाड्याला तीन नटांनी धरलेली असते. दोन झाले. तिसरा वरून, बॉनेटखाली वाकून गाठायचा, तोही एका जाड नळीच्या मागे, आणि तो नट आणि हे यांच्यामध्ये यांचं पोट. मला पलीकडचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. "हं... हं... हंऽऽ. झाला."

त्या कण्हण्यावर विश्वास ठेवून मी हात वाकवला आणि रेघ ओढली.

राहिलं मेणखडूचं अक्षर. मी खडू घेतलाच नाही. "रस्त्यावर चालवली कुठे?"

"बाबांनी चालवली की, आयुष्यभर."

"या जोडणीनंतर?"

यांनी स्वतःच खडू उचलला. मग म्हणाले, "मी लिहितो." लिहिलं. शाईत पडलेली मुंगी पत्र्यावरून चालत गेली असावी, असं ते अक्षर आलं. यांनीच ते फडक्याने पुसून टाकलं. अर्धा गुण त्या अक्षरातच होता.

म्हणून प्रदर्शनाच्या सकाळी ट्रक आला नाही. हे स्वतः गाडी चालवायला बसले, मी शेजारी, मागे सासूबाई. शाळेत निघालेली एक मुलगी सायकलवरून आमच्या पुढे निघून गेली. पाण्याचं डबकं आलं तर हे खाली उतरून त्याच्याकडे बघून आले. पुढे उताराच्या वळणावर कुठूनसं 'टक' झालं.

"ऐकलंस काही?" यांनी विचारलं.

"ऐकलं."

"काही नाही ते."

मैदानावर पोचलो. यांनी बॉनेट उघडलं, आणि मी मोकळ्या मनाने अक्षर लिहिलं. झकास गबाळं आलं. खडू ठेवताना नळीच्या मागे नजर गेली. तिसऱ्या नटावरची रेघ दुभंगली होती.

"अहो," मी हळूच म्हटलं, "बरणी."

यांनी वाकून पाहिलं आणि चेहरा उतरला. "त्या दिवशी पाना नीट पोचलाच नव्हता गं," हे पुटपुटले. दोन गाड्यांपलीकडे परीक्षक भिंग घेऊन ओणवे झाले होते. "ब्रश काढ. रेघ जोडून टाक."

"आवळल्यावर."

"पाना घरी राहिला."

"गाडीत आहे की."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव विकायला काढलेत. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली हत्यारं डिकीत होती, मूळ तेलकट कागदात गुंडाळलेली, कधीही न वापरलेली. रंगाला ओरखडा नाही, याचेच त्यांना गुण मिळायचे.

तेवढ्यात डॉक्टर आले. "वहिनी, यंदा खुणा काय सुरेख जमल्यात. काही अडचण?"

हे डोळ्यांनी मला विनवत होते. "स्टीअरिंगचा नट सैल आहे," मी सांगितलं.

डॉक्टरांनी वाकून दुभंगलेली रेघ बघितली, "अस्सं," म्हणाले, आणि लगबगीने स्वतःच्या गाडीखाली शिरले.

"परत जाताना ट्रक बोलावू," हे माझ्या कानाशी म्हणाले. "रेघ तेवढी जोड. कुणाला काही होत नाही."

मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. "आत्ता आलो त्याच उतारावर तुझ्या बाबांनी गाडी थांबवून नट आवळला होता. लग्नाला उशीर झाला. आमच्याच लग्नाला. मी ट्रकात बसणार नाही."

यांनी डिकी उघडली, कागद फाडला. पाना आणला आणि पोट आत घेऊन निम्मे बॉनेटखाली गेले. पाना घसरला, नळीवर घासला, रंगाचा टवका उडाला. या खेपेला हे कण्हले नाहीत. तेव्हाच मला कळलं, की नट आवळला जातोय. नटावरची जुनी रेघ खालच्या रेघेशी जुळली नाहीच, तिला ओलांडून पुढे निघून गेली. पहिल्यांदा नट किती सैल होता, तेही आपोआप कळलं. मी ती पुसून नवी ओढली.

परीक्षक आले तेव्हा हे बाहेर निघत होते, कोपरापर्यंत काळे. परीक्षकांनी भिंग लावलं, रेघेला बोट लावलं, बोट पिवळं झालं.

"रंग ओला आहे."

"आत्ताच ओढली," मी म्हटलं.

"आत्ताच का?"

"नट आत्ताच आवळला."

सासूबाईंनी काच खाली केली. "कारखान्यात काय वाळलेल्या रेघा ओढायचे?"

परीक्षकांना हसू आलं, पण गुण द्यायला त्यांच्याकडे तसा रकाना नव्हता. पान्याचे कापले, धुळीचे कापले, ओल्या रंगाचेही कापले. आमच्या वर्गात आमचा तिसरा नंबर आला. वर्गात गाड्या तीन होत्या.

ढाल पुन्हा डॉक्टरांकडे. परतताना त्यांची गाडी ट्रकवर चढवत होते. यांनी कारण नसताना हॉर्न वाजवला, काच खाली करून कोपर बाहेर टाकलं आणि उतारावर जरा वेगच घेतला. "हळू," मी म्हटलं. "तुझ्या रेघेवर भरवसा आहे," हे म्हणाले. "असंच चालवायचा तुझा बाप," सासूबाई मागून म्हणाल्या. तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना पाहिलं, साखरेच्या बरणीवरची रेघ जुळलेली होती. जरा थरथरलेली होती. बोट लावलं, तर पिवळं झालं.

मला कुणी काही विचारलं नाही. आणि न विचारलेलं सांगायचं, असं माझं व्रत नाही.