पहिलं अक्षर

त्याने रिलेची पट्टी अंगठ्याने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. खट्. खट्. जेवणाच्या टेबलावर दोन रिले होते, विजेने आपोआप बदलणारी बटणं. एक काडेपेटीएवढा, चपळ. दुसरा जुन्या लिफ्टमधून उतरवलेला, मुठीएवढा, आणि त्याची टोकं चांगली नखाएवढी जाड.

ताटं मांडायला जागा नव्हती, म्हणून ताईने दोन्ही रिले बाजूला सारले आणि यातला कुठला बसवणार ते विचारलं. थोरल्या बहिणीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे रिले म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नसे.

घरावर अँटेना दोन. बोलायला गच्चीवरचा उंच मनोरा, ऐकायला कुंपणालगतची लांबलचक तार, कारण तिच्यावर खरखर कमी. बोलायचं बटण दाबलं की रिलेने मनोऱ्याकडे जायचं, सोडलं की तारेकडे परत यायचं. मागच्याच आठवड्यात हजार वॅट पेलता पेलता आधीच्या रिलेची टोकं वितळून चिकटली होती. या चिमुकल्याचंही तेच होणार हे घरातलं मांजरसुद्धा सांगू शकलं असतं. लिफ्टमधला मात्र दणकट. खोड एकच, धरलेलं चटकन सोडत नाही. त्याने मोजून पाहिलं होतं, पाव सेकंद.

"म्हणजे समोरचा लगेच बोलला तर हा ठोंब्या त्याचं पहिलं अक्षर गिळणार," ताई म्हणाली.

"बाई लगेच मुद्द्यावर येतात कुठे?"

बाई म्हणजे दूरच्या बेटावरच्या हवामान केंद्रातल्या बाई. सहा वर्षं रोज दुपारी चारला रेडिओवर या दोघांची गाठ पडायची. बटण दाबलं की बाई आधी केंद्राचं पूर्ण नाव सांगत, मग याच्या स्टेशनचं, आणि मग पुढचं बोलणं. नियम म्हणजे नियम. ताई त्याला 'नमनाला घडाभर तेल' म्हणायची. पण एवढं नमन होत असताना त्यातलं एक अक्षर गेलं तरी कुणाचं काय बिघडणार होतं? ठोंब्या गच्चीवरच्या पेटीत चढला.

आणि आज आवाज पोचायलाच हवा होता. बाई निवृत्त झाल्या होत्या. उद्याच्या बोटीने त्या बेट सोडणार, म्हणजे रेडिओही सुटणार. बोट वाटेत तीन बंदरांना लागायची. त्यातलं शेवटचं याच्या गावचं.

चारला त्याने कागदावर लिहून ठेवलेलं वाचायला घेतलं. बोलायचं बटण घट्ट दाबून धरलं.

"उद्याची बोट आमच्या बंदरालाही येते. तुम्ही इथेच उतरावं. आपण लग्न करावं, असं मला वाटतं. खरखर फार आहे, म्हणून एकाच शब्दात सांगा. होकार की नकार? ओव्हर."

त्याने बटण सोडलं. वर खट् झालं.

"...कार."

मागोमाग खरखर अशी चढली की बाईंचा आवाज तिच्यात बुडून गेला. त्याने चार वेळा हाका मारल्या. काही नाही.

होकारातही कार, नकारातही कार. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. टोकांची जाडी बघितली, मधली फट बघितली, पाव सेकंदही मोजला, आणि शेवटी जगातला नेमका तोच प्रश्न विचारला ज्याचं सगळं उत्तर पहिल्या अक्षरात असतं. शहाण्याने करू नये तो गाढवपणा.

दारात उभी असलेली ताई हसत होती. ते त्याला मुळीच आवडलं नाही.

"कार म्हणण्याआधी केंद्राचं नाव सांगितलं त्यांनी?"

"नाही."

"तुझ्या स्टेशनचं?"

"नाही."

"सहा वर्षांत कधी चुकलंय त्यांचं नमन?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"नाही म्हणायचं असतं तर बाई घुटमळल्या असत्या रे. पाव सेकंद तरी. तेवढ्यात तुझा ठोंब्या सुटला असता आणि पहिलं अक्षर ऐकू आलं असतं."

टेबलाच्या कडेवर त्याने अंगठा दाबला, सोडला, आणि तेवढ्या वेळात नमनाचा एखादा तरी शब्द बसतो का ते ओठ हलवून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. बसत नव्हता. त्याचे कान लाल झाले.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात," ताई म्हणाली. "आमच्याकडे नवरीच निघाली उतावळी." आणि मागची खोली आवरायला ती आत गेली.

बोट बंदराला लागायला अजून दोन दिवस होते. त्याने बूट आत्ताच पुसायला घेतले.