सगळे बाण माझ्याकडे

माझा धाकटा भाऊ कुणावरही विश्वास ठेवत नाही. लहानपणी अर्धी गोळी खाऊन उरलेली खिशात ठेवायचा आणि वर माझ्याचकडे डोळे वटारून बघायचा. सरकारने शहरातले फोन आणि नेट बंद पाडले तेव्हा बाकीचे हळहळले, हा मात्र खूश. "सांगत होतो ना!" म्हणाला.

मग त्याने साबणाच्या डबीएवढे डबे बनवले. आत छोटा रेडिओ आणि बॅटरी, वर काडीएवढी अँटेना. एक या गच्चीवर, एक त्या गच्चीवर. मोबाइलवर लिहिलेला निरोप जवळच्या डब्यात जातो, तिथून शेजारच्या, असा हातोहात पुढे पोचतो. निरोपाला कुलूप असतं, ज्याच्या गच्चीवरून जातो त्यालाही तो वाचता येत नाही. मध्ये मुख्य ऑफिस नाही, की कुणी जाऊन टाळं ठोकावं. ज्याला त्याला फक्त आपल्या शेजारचे डबे माहीत. सगळे कुठे आहेत हे धाकट्यालाही ठाऊक नाही, आणि याचाच त्याला कोण अभिमान! "ताई, उद्या मीच म्हटलं थांबा, तरी हे थांबायचं नाही," असं मिशीला पीळ दिल्यासारखं सांगायचा. मिशी नाही त्याला. अधूनमधून पोलीस शिपाई एखादा डबा उतरवून नेत, तेव्हाही हसायचा. "नेऊ दे. निरोप गेला की आत काही उरतच नाही."

मी इस्पितळात नर्स आहे, अपघात विभागात. मोर्च्यात जखमी झालेल्यांचा सरकारी आकडा आणि आमच्या खाटांवरचा आकडा यांचा काही मेळ नव्हता. खरा आकडा मी डब्यांवरून शहराबाहेर, नेट चालू होतं तिथवर, धाडायचे आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेरच्या वर्तमानपत्रांत यायचा. माझं नाव फुटलं असतं तर नोकरी जाऊन वर तुरुंग होता.

एके दिवशी साध्या कपड्यांतले दोघे आले आणि मेट्रनला विचारू लागले, अपघात विभागात कोण कोण असतं? घरी येऊन मी धाकट्याला सांगितलं.

"घरातूनच फुटलंय," धाकटा म्हणाला. "कुलूप शाबूत आहे. म्हणजे माणूस फुटला."

"कोण?"

तो दाराकडे बघत राहिला. दारात माझा नवरा चपला काढत होता.

नवरा वीज कंपनीत वायरमन. दिवसभर खांबावर, आणि घरी आला की तोंडाला कुलूप. धाकट्याचं आणि त्याचं कधी जमलं नाही. 'दाजी' म्हणतो तेही औषध घेतल्यासारखं. मी भावाला चांगलं झापलं. पण मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली की काही खरं नसतं. नवरा रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जायचा, तिथे आमचाही एक डबा होता. मग कामावर मला त्याचे निरोप यायचे. कुठल्या वॉर्डात आहेस? आज गर्दी किती? कधी सुटशील?

बायकोला नवरा हेच विचारतो. पोलीसही हेच विचारतील. मी उत्तरं देणं बंद केलं. घरी तो काही विचारायचा नाही, मीही तोंड उघडायचे नाही. त्याला ताट वाढताना मला स्वतःचाच राग यायचा, आणि त्याचाही.

धाकट्याने आमच्या डब्यात सापळा लावला. निरोप वाचायचा नाही, फक्त कुणाकडून कुणाकडे कधी गेला एवढं डब्याने लक्षात ठेवायचं. मला ते पटलं नाही. पण "बघ तरी," असंही मीच म्हटलं.

आठवड्याने दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर ठिपके आणि बाण. "हे दाजी. रोज संध्याकाळी एक बाण निघतो बघ."

"कुणाकडे?"

तो खालपर्यंत बघत गेला. सगळे बाण एकाच ठिपक्याकडे जात होते. तो ठिपका मी होते. माझ्याकडून उलट एकही नाही. मला रडूच आलं.

डोळे पुसताना दुसरं दिसलं. माझ्या ठिपक्यातून वर्तमानपत्राकडे जाणारा बाण माझ्या कामाच्या दिवशीच होता. सुट्टीच्या दिवशी नाही. म्हणजे त्या दोघांना कुणी सांगायची गरजच नव्हती. छापून आलेले आकडे आणि आमच्या पाळ्या शेजारी ठेवल्या की झालं. आम्ही मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

"हे फक्त आपल्याच डब्यात आहे ना रे?" मी विचारलं.

"हो, म्हणजे..." त्याचा हात थांबला. नवा प्रोग्राम एका डब्यात घातला की शेजारचे डबे तो आपणहून उचलतात, त्यांच्याकडून त्यांचे शेजारी. त्यानेच तसं बनवलं होतं. सापळ्यावरही त्याने सवयीने नव्या प्रोग्रामचा शिक्का मारला होता. आता शहरभर प्रत्येक डबा माझे बाण टिपत होता.

"थांबव."

"पुसणारा प्रोग्राम सोडतो, पण तो सावकाश पसरेल. शिपाई तर सकाळपासून गच्च्या तपासतायत."

"मग त्यांच्याआधी आपण उतरवू."

"कुठून, ताई? सगळे कुठे आहेत मलाच माहीत नाही."

"मला माहीत आहेत," मागून आवाज आला.

नवरा केव्हापासून उभा होता कोण जाणे. खांद्यावर कामाची शिडी तशीच.

"खांबावरून सगळ्या गच्च्या दिसतात," तो म्हणाला. "कंपनीतल्या साहेबांनी दोनदा विचारलं, वर काही दिसतं का."

"काय सांगितलंत?" धाकट्याने विचारलं.

"कावळे."

धाकट्याने मान खाली घातली. नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं. आपला ठिपका त्याला ओळखू आला असावा, कारण मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुलाही वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. भावावर ढकलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. आठवडाभरात त्याला दिलेलं ते माझं पहिलं उत्तर.

मग त्याने शिडी आडवी केली.

"मागचं टोक धर," मला म्हणाला.