कोंबडीशेजारचा सिंह

ओटमार केसलरने कागदावरच्या सिंहाच्या आयाळीवर बोट ठेवलं.

"इथे अजून थोडी दाट."

कुलचिन्हं काढणाऱ्या कोल्ब यांनी त्याच्या तुळतुळीत टकलाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने आयाळ वाढवली. बांबेर्गमध्ये अडतीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केल्यावर ओटमारला आता फाटकावर कुलचिन्हाची दगडी ढाल हवी होती, आणि ढालीवर सिंहच हवा होता.

"सिंह म्हणजे शौर्य," कोल्ब म्हणाले. "घराण्यात कुणी गाजवलं होतं?"

"मी."

"तळघरात पाणी शिरलं तेव्हा हा टेबलावर चढला होता," शेजारून त्याची बायको गेर्लिंडे म्हणाली.

"वरून पाहणी करत होतो!"

गेर्लिंडेने आपल्या ढालीसाठी कोंबडी सांगितली होती. माहेरी कोंबड्या होत्या, बाकी शास्त्र तिला ठाऊक नव्हतं. कोल्ब यांनी दोन्ही ढाली शेजारी-शेजारी मांडल्या आणि सिंह खोडायला घेतला.

"अहो, काय करताय?"

"नवरा-बायकोच्या ढाली जोडीने लावल्या की नवऱ्याचा प्राणी बायकोकडे तोंड करतो. नाहीतर तिला पाठ दाखवल्यासारखं होतं. रीतच आहे तशी."

"उलट्या तोंडाचा सिंह म्हणजे पळपुटा. मी वाचलंय."

"एकटा असेल तर पळपुटा. बायको शेजारी असली की सभ्य."

ओटमारने दोन्ही हात छातीशी बांधले. "मग एकटाच काढा."

गेर्लिंडेने पर्समधून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत ते चढवले.

"चालेल," ती म्हणाली. "कोंबडी मी भावाच्या दारावर लावीन. माडीवरची खोली रिकामीच आहे म्हणालाय. ये म्हणतोय कायमची."

ओटमारने कोल्ब यांच्याकडे पाहिलं. कोल्ब पेन्सिलीला टोक काढत होते. टोक आधीच होतं.

"नुसती मान वळवली तर?" ओटमारने घसा खाकरला. "अंग तसंच ठेवून?"

"वळवता येते. पण मागून कुणी हाक मारतंय असं दिसतं."

"मारतेच आहे," गेर्लिंडे म्हणाली. "एकेचाळीस वर्षं."

ओटमारने छातीशी बांधलेले हात सोडले.

"पूर्ण वळवा," शेवटी ओटमार म्हणाला.

कोल्ब यांनी सिंह वळवला. जबडा उघडा, जीभ बाहेर, पंजे वर. तो आता कोंबडीला खाणार हे उघड होतं. तेव्हा शास्त्राप्रमाणे प्राण्याने ढाल भरायला हवी, असं सांगून कोल्ब यांनी कोंबडीही सिंहाएवढी केली. आता चित्र बदललं. सिंहाने पंजे वर केले होते ते शरण आल्यासारखे वाटत होते.

ओटमारने ते पाहिलं. आयाळीबद्दल तो काही बोलला नाही.

"भावाला काय कळवलंयस?" त्याने विचारलं.

"अजून काही नाही." गेर्लिंडे कागदावर वाकली होती. "आधी रंग भरून होऊ दे."

पण एका हाताचा मोजा तिने काढला होता.